दिवेवाल्याची बायको

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे कार्याध्यक्ष आदरणीय जयराजदादा. ज्यांचा शब्द मोडता येत नाही म्हणून मी या माइकपुढं उभा आहे त्या मुख्याध्यापिका मयूरीमॅडम. व्यासपीठावरचे सर्व मान्यवर. समोर बसलेले शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, आजी-माजी विद्यार्थी आणि पालक. पहिल्या रांगेतल्या आमच्या विहीणबाई क्षमाताई. त्यांच्या शेजारी बसून 'लवकर आटपा' असं मला डोळ्यांनी सांगणाऱ्या माझ्या सौभाग्यवती बनुबाई. आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे आज या सांगलीत एवढ्या उकाड्यात दाटीवाटीनं बसलो आहोत, ते आजचे सत्कारमूर्ती, इंग्रजीचे शिक्षक, माझे व्याही, सुमंत सर... आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी आकाराम. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सध्या कराडजवळच्या आमच्या गावात ऊस करतो. या शाळेशी माझा संबंध काय? तर काही नाही. मी इथला विद्यार्थी नाही, शिक्षक नाही, देणगीदार तर मुळीच नाही. दादांनी लगेच मान हलवली, म्हणजे त्यांना माझं नाव देणगीदारांच्या पाटीवर शोधूनही सापडलेलं नाही. मग मला का उभं केलं? मॅडम म्हणाल्या, "सरांचीच इच्छा आहे. विद्यार्थी बोलले तर स्तुती करतील. व्याही खरं बोलेल." आता मला सांगा मंडळी, व्याह्याकडून खरं ऐकायची हौस असलेला माणूस तुम्ही याआधी पाहिला होता का?

सर कसे शिकवतात हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पण वर्गात तुम्ही त्यांना तासभर सोसलंत. घरी ते कसे असतात, याचा अनुभव आम्हा पाहुण्यांकडं आहे.

सरांच्या घरी गेलं की बसायला जागा करायची, तर आधी पुस्तकाला उठवायला लागतं. खुर्चीत पुस्तक, झोपाळ्यावर पुस्तक, भडंगाच्या डब्यावर झाकण म्हणून पुस्तक. एकदा विहीणबाईंनी नवीन वॉशिंग मशीन आणलं. तुमच्या-आमच्या घरी काय करतात? नारळ फोडतात आणि बटण दाबतात. इथं सरांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि मशीनबरोबर आलेली पुस्तिका मोठ्यानं वाचायला लावली. एक परिच्छेद एकानं. अर्थ विचारायचा नाही. कुणी अडलं की सर म्हणणार, "पुढं वाच. शब्द आपणहून ओळख करून देईल." शब्दांनी ओळख करून देईपर्यंत माझा सदरा बादलीत भिजत होता. मी त्या दिवशी सांगली ते कराड सरांचा सदरा घालून गेलो. तो मला इथं, बेंबीपर्यंतच आला होता. हसा, हसा. बनुबाई तर रस्ताभर हसत होती.

असो. चिठ्ठी आलीय, 'थोडक्यात'. फौजेत 'थोडक्यात' म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, पण आता मी फौजेत नाही.

सरांच्या वर्गातले दोन नियम तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत. वाचणाऱ्याच्या चुकीला जो हसेल, त्यानं पुढचं वाचायचं. आणि वाचणारा आपणहून थांबेपर्यंत त्याला कुणी थांबवायचं नाही. चूक असेल तर मागून सांगायची. हे नियम आमच्या घरापर्यंत कसे येऊन पोचले, ते आज मला सांगायचं आहे.

आमचा मुलगा वीरधवल फौजेतच आहे. त्याचा गुडघा दुखावला आणि त्याला मिरजेच्या एका दवाखान्यात ठेवलं. तिथं व्यायाम करून घ्यायला सरांची मुलगी ज्ञानदा होती. गुडघा बरा झाला, पण पोराचं मिरजेला जाणं काही थांबेना. सुट्टीवर आला की मिरज. मी विचारलं, "अरे, आता काय दुखतंय?" तर किल्ली घेऊन गडी निघालासुद्धा. मग मला कळलं काय दुखतंय ते.

माझी ना नव्हती. अडचण होती ती बनुबाईची. बनुबाई मराठी तिसरीपर्यंत शिकली, आणि तिसरीतसुद्धा निम्मं वर्ष म्हशीमागं गेलं. ती मला म्हणाली, "आवं, मास्तराच्या घरातली पोरगी. तिज्यापुढं मी काय बोलू? उद्या मी काय चुकीचं बोलले, की ती तोंडावर पदर धरून हसंल. पोरगं तिज्याकडनं हसंल. मग माज्या घरात मीच पावणी. मला न्हाई जमायचं." मी पुष्कळ समजावलं. शेवटी ठरलं असं, की जायचं, चहा प्यायचा, आणि कळवतो म्हणून निघायचं. कळवायचं नाही. वीरधवलला हे ठाऊक होतं. गाडी चालवताना त्याचं तोंड बघवत नव्हतं.

सांगलीत पोचलो. विहीणबाईंनी भडंग पुढं ठेवलं. ज्ञानदा येऊन बसली. आणि सगळे गप्प. पाहायच्या कार्यक्रमात गप्प बसायची वेळ येतेच हो. कुणीतरी पावसाचं काढतं, कुणी रस्त्यांचं काढतं, कुणाचा तरी लांबचा पाहुणा निघतो. पण सरांना शांतता सहन होत नाही. शांत वर्ग दिसला की त्यांचा हात आपोआप पुस्तकाकडं जातो. त्या दिवशी भडंगाच्या डब्यावरचं पुस्तक त्यांच्या हाताला लागलं. शाळेच्या लायब्ररीतलं, इंग्रजी, मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आकारामराव, पहिला परिच्छेद आपण घ्या."

विहीणबाई दचकल्या. "अहो, पाहुणे आहेत ते!"

सर म्हणाले, "मग? पाहुण्यांनी वाचायचं नाही का?"

मी घेतला. आम्ही फौजेत इंग्रजी वाचायचो ते हुकूम वाचायचो. ती गोष्ट होती समुद्रात दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाची. 'समुद्र शांत होता' हे वाक्य मी असं वाचलं, की समुद्राची काय बिशाद होती अशांत राहायची! शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकायला लागलं. सर हलले नाहीत. ज्ञानदा हलली नाही. पण बनुबाई हसली. जोरात हसली. नवऱ्याला हसायचा तिचा हक्क आहे, मी नाही म्हणत नाही.

सर म्हणाले, "हसल्या त्या वहिनी. पुढचा परिच्छेद त्यांचा."

मंडळी, मी दोन्ही सीमांवर नोकरी केली आहे. पण त्या खोलीत मला जशी भीती वाटली तशी कधी वाटली नाही. बनुबाईच्या हातात इंग्रजी पुस्तक. ज्याला भिऊन ती इथं यायला तयार नव्हती, नेमकं तेच पुढ्यात आलं. मी मनात म्हटलं, गेलं लग्न.

बनुबाई बराच वेळ पानाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला चित्राचं तेवढं वाचता येतंय."

सर म्हणाले, "चित्राचं वाचा."

आणि तिनं वाचलं. चित्रात काय होतं? उंच दीपगृह, वर एक माणूस, खाली खवळलेला समुद्र, त्यात होड्या. बनुबाईनं सुरुवात केली. "ही साखर कारखान्याची चिमणी हाय. हा बाबा वर चढलाय. कारखान्यानं मळीचं पाणी सोडलंया, समदं रान पाण्यात गेलंय. ह्या बघा उसाच्या ट्रॉल्या अडकल्यात. आता हा बाबा सकाळच्या पाळीला गेलेला, दिस बुडाया आला तरी घरी न्हाई. बायको भाकरी करून बसलीया. एक डाव भाकरी ऊन केली, दोन डाव केली. तिला वाटतंय, जावं चिमणीखाली आन् हाक मारावी. पर लोकं काय म्हणतील? म्हणून दारातच हुबी हाय..."

चित्रात बाई कुठंच नव्हती. मी वाकून वाकून बघितलं. सुभेदाराच्या नजरेला दिसली नाही म्हणजे नव्हतीच. पण नियम होता, थांबवायचं नाही. ज्ञानदा ऐकत होती. वीरधवल गुडघा धरून ऐकत होता. सर तर पुढं सरकून बसले होते. तेवढ्यात चहा आला आणि बनुबाई थांबली. "एवढंच हाय ह्या चित्रात. पुढचं पान उलटाय पायजे." चहाच्या गडबडीत ते पान काही उलटलं गेलं नाही. मी ठरल्याप्रमाणं कळवतो म्हटलं, आणि आम्ही निघालो.

इस्लामपूरपर्यंत वीरधवल बैलगाडी हाकल्यासारखा हळू चालवत होता. मग मागनं बनुबाई म्हणाली, "आवं, त्या बाईचा नवरा घरी आला असंल का वो?"

मी म्हटलं, "कोणत्या बाईचा?"

"पुस्तकातल्या."

"मला काय ठाऊक? गोष्ट तूच सांगितलीस की!"

"मी कुठली सांगतीया? पुस्तकात हाय ती." मग म्हणाली, "त्या पोरीला म्हणावं, येताना ते पुस्तक घिऊन ये. पुढचं वाचून दाव म्हणावं."

मी विचारलं, "येताना म्हणजे कधी?"

"लगीन झाल्यावर! आजून कवा?"

वीरधवलनं तिथून पुढं गाडी अशी मारली, की कासेगाव कधी आलं आणि कधी गेलं मला कळलं नाही.

लग्नाचं सांगत बसत नाही. मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहून सरांनी वऱ्हाडाची हजेरी घेतली, आणि आमच्या भावकीतली मंडळी 'हजर' म्हणून आत गेली, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता खरी गोष्ट. ज्ञानदा आमच्या घरी आली ती पुस्तक घेऊनच. वीरधवल सुट्टी संपवून ड्युटीवर गेला. एक दिवस सासू-सून स्वयंपाकघरात बसल्या आणि वाचन सुरू झालं. ज्ञानदा इंग्रजी वाचायची आणि मराठीत सांगायची. एक पान झालं, दुसरं झालं. बनुबाई विचारायची, "बायको कवा यायची?" ज्ञानदा म्हणायची, "बघू, आई." पुस्तक संपलं.

ज्ञानदा म्हणाली, "आई, त्याला बायको नाहीये. तो एकटाच राहतो."

"एकटा? मग त्याला जेवाय कोण वाढतंय? आन् चिमणीवर कशाला चढलाय?"

"ती चिमणी नाही आई. समुद्रातला दिवा आहे."

"आन् मळी?"

"तो समुद्रच आहे."

मी बाहेर सोप्यावर बसून ऐकत होतो. आतून बनुबाईचा आवाज आला. "म्हंजी त्या दिशी तुमच्या घरात समद्यास्नी ठावं हुतं. मी येड्यावानी बोलत हुते, आन् तुमी समदी मनातल्या मनात हसत हुता."

ज्ञानदा म्हणाली, "नाही आई, कुणी हसलं नाही." पण बनुबाई उठून गोठ्याकडं गेली.

ती भांडली नाही हो. भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुनेला विचारलं, "तुमी चा घेनार का?" माझ्या हातातला पेपर गळून पडला. आमच्याकडं सासू सुनेला अगंतुगं करते तोवर घर ठीक. अहोजाहो सुरू झालं की ओळखायचं, आता काही खरं नाही. "तुमी बसा." "तुमास्नी तिखट चालंल का?" "तुमची साडी वाळलीया." एवढ्या आदरानं तिनं त्या पोरीला रडकुंडीला आणलं. मलाही घास गोड लागेना.

वीरधवलचा फोन आला. तो म्हणाला, "अगं, बायको आहे असं सांगून टाक ना आईला. मागच्या पानावर होती म्हणावं, आत्ता सापडली." ज्ञानदा त्याला म्हणाली, "पुस्तकात जे नाही ते मी कसं वाचू? बाबांनी मला असं शिकवलेलं नाही." आणि थोड्या दिवसांसाठी सांगलीला जाऊन येते म्हणाली. सून 'थोड्या दिवसांसाठी' म्हणते तेव्हा सासऱ्यानं काय समजायचं? मी घाबरलो. सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, तुमच्या एका नियमानं लग्न जमवलं आणि दुसऱ्यानं मोडायला आलंय. या."

सर आणि विहीणबाई एसटीनं आले. सर सोप्यावर बसले, पाणी प्यायले, चष्मा लावला, ते पुस्तक मागितलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. माझ्या घरात एवढी शांतता मी ऊस जळून गेला होता त्या दिवशीच पाहिली होती. बनुबाई दाराआड उभी होती. वाचून झालं तशी ती बाहेर आली.

"सर, तुमी इंग्रजीचं मास्तर. खरं काय ते सांगा. लेकीकडनं बोलू नगा. ती चिमणी हाय का न्हाई?"

सर म्हणाले, "नाही. तो समुद्रातला दिवा आहे. ते तुम्ही चुकीचं वाचलंत."

मी डोळे मिटून घेतले.

"मग त्या दिशी बोलला का न्हाई?"

"वाचणारा थांबेपर्यंत मी कुणालाच थांबवत नाही. आणि तुम्ही थांबलात तेव्हा चूक सांगायचं मी विसरलो. मला त्या भाकरीची काळजी लागली होती. अजून लागलेली आहे."

बनुबाई म्हणाली, "आन् त्याची बायको? ती हाय का न्हाई?"

मंडळी, तुम्ही सगळे सरांकडं शिकला आहात. पुस्तकात जे नाही ते लिहिलं तर सर पेपरवर काय करतात, ते तुमच्यापैकी काही जणांना घरी बाबांनी गुण बघितल्यावर कळलं असेल. ज्ञानदा बापाकडं बघत होती. बनुबाई व्याह्याकडं बघत होती. एकीला हो म्हटलं तर दुसरीचं मन मोडणार. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अगदी वर्गात बोलतात तसं म्हणाले, "मी सगळं पुस्तक वाचलं. त्याला बायको आहे, असं कुठं लिहिलेलं नाही. पण त्याला बायको नाही, असंही कुठं लिहिलेलं नाही. ज्ञानदा, तुला सापडलं का तसं वाक्य?"

ज्ञानदानं पुस्तक घेतलं. पानं उलटली. "नाही, बाबा."

"मग बायको आहे. आत स्वयंपाकघरात असेल. चित्र काढणारा बाहेरच उभा होता, त्याला काय दिसणार?"

विहीणबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आणि हसत होत्या की रडत होत्या ते मला अजून कळलेलं नाही. बनुबाईनं मान हलवली. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा वीरधवलच्या फोटोकडं, आणि मला म्हणाली, "बघा. ह्येला म्हणत्यात शिकल्याला माणूस." मग सुनेकडं वळली आणि म्हणाली, "आन् तू काय बघत बसलीयास गं? ऊठ, तुज्या बापाला वाढ."

त्या एका 'गं'साठी मी व्याह्यांच्या पाया पडलो असतो. पण व्याह्याच्या पाया पडायची आमच्याकडं पद्धत नाही, म्हणून मी त्यांना आणखी एक भाकरी घेण्याचा आग्रह केला.

सर, तुम्ही इतकी वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलंत. माझ्या घरातल्या माणसांना तुम्ही एकमेकांचं ऐकून घ्यायला शिकवलंत. हे मला फौजेनं शिकवलं नाही आणि उसानंही नाही. ते मी तुमच्याकडून घेतलं. आता शाळा सुटली, तुमच्याकडं वेळच वेळ आहे. आमचं घर तुमचंच आहे. दाराला कुलूप नसतं, आणि आत भाकरी असते.

एवढा वेळ मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षमहाराजांचा, मॅडमांचा आणि चिठ्ठ्या पाठवून दमलेल्या सूत्रसंचालकांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला एखादा शब्द टोचला असेल, तर गावाकडचा माणूस म्हणून पोटात घाला. आणि माझ्या सौभाग्यवतींना काही टोचलं असेल, तर त्याचा निकाल घरी लागेल, आपण काळजी करू नये. जय हिंद, जय महाराष्ट्र.